नाशिककरांनी इंग्रजी ‘नोज’ (नाक) कुठून आला ते कसं शोधावं

आधी शब्दाचं जुनं लिखित रूप गाठा: जुन्या इंग्रजीत ‘नोसु’. मग नातेवाईक भाषा: लॅटिन ‘नासुस’, संस्कृत ‘नासिका’ (शूर्पणखेच्या कथेतून आपल्या गावाला चिकटलेलं तेच नाक). पण साम्य दिसलं म्हणून इंग्रजीने तो संस्कृतातून उचलला असं लिहू नका. दोघं एकाच आद्य भारोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी जिच्यातून निघाल्या त्या पुरातन भाषेतल्या) मुळाची लेकरं. उसना शब्द वाटेतले मुक्काम दाखवतो: शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, फ्रेंचमार्गे ‘शुगर’.

खरी फसगत उच्चारसाम्याने होते. लॅटिन ‘देउस’ आपल्या ‘देव’चा भाऊ, ग्रीक ‘थेऑस’ (अर्थ तोच, देव) मात्र परका. म्हणून ध्वनिनियम (एका भाषेतल्या ध्वनीच्या जागी दुसरीत ठरलेला ध्वनी येणं) अनेक जोड्यांत तपासा: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल. संस्कृतात ‘प’, इंग्रजीत ‘फ’. एकाच जोडीवर विसंबू नका.