दंडावरचा शुगर सेन्सर: लावायचा कसा, आणि बोट कधी टोचायचं

दंडावर चिकटून सतत साखर मोजणारा आणि आकडा मोबाइलवर पाठवणारा सेन्सर लावला की पहिल्याच दिवशी तक्रार येते: बोट टोचून मोजायचं मीटर १४२ दाखवतंय, मोबाइल १६८, यातलं खरं कुठलं? बऱ्याचदा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. मीटर बोटातलं रक्त मोजतं. सेन्सरची केसासारखी तार मात्र कातडीखाली जेमतेम ५ मिलिमीटर जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. रक्तातली साखर तिथवर झिरपायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. त्यामुळे शुगर उतरत असेल तर सेन्सर मागे राहून जास्त दाखवतो, चढत असेल तर कमी. त्यात मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. तुलना करायचीच असेल तर शुगर स्थिर असताना, म्हणजे मोबाइलवर आकड्याशेजारचा, शुगरची दिशा दाखवणारा बाण आडवा असताना करा. जेवणानंतर तासाभरात केलेली तुलना फुकट जाते.

लावण्याची जागा बहुतेक मॉडेलांत दंडाचा मागचा, मांसल भाग. व्रण, तीळ, गाठ असलेली जागा नको. इन्सुलिन टोचता ती जागा निदान अडीच सेंटिमीटर दूर असावी. दर वेळी जागा बदला. साध्या साबणाने धुवा. मॉइश्चरायझर असलेला साबण नको, त्याचा थर राहतो आणि चिकटपट्टी तिसऱ्या दिवशी कडेने सुटायला लागते. मग अल्कोहोल स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका. अंघोळीनंतर लगेच किंवा घाम आलेला असताना लावलेला सेन्सर टिकत नाही. अ‍ॅप्लिकेटर सरळ धरून दाबा, खट्ट आवाज झाला की दोन-चार सेकंद तसाच धरा, सावकाश काढा आणि पट्टीच्या कडेवरून बोट दाबत फिरवा. रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरायचं कारण नाही. रक्त थांबतच नसेल तर सेन्सर काढा. तारेभोवती रक्त साचलं की आकडे भरकटतात.

सुरू व्हायला मॉडेलप्रमाणे अर्धा ते दोन तास लागतात. पण खरा भरवसा पहिल्या २४ तासांनंतरच ठेवावा, कारण तार घुसल्याने तिथली जागा थोडी दुखावलेली असते. या काळात फक्त सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका.

आता फोन. अलार्म वाजला नाही म्हणून सेन्सरला शिव्या बसतात, पण दोष बऱ्याचदा फोनच्या बॅटरी सेव्हरचा असतो: मागे चालणारं अ‍ॅप तो गुपचूप बंद करतो. सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळा, नोटिफिकेशन चालू ठेवा, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही कमी शुगरचा अलार्म वाजेल याची खात्री करा. फोनची सिस्टिम अपडेट करण्याआधी ती आपल्या अ‍ॅपला चालते का ते कंपनीच्या यादीत पाहा. फोन दुसऱ्या खोलीत राहिला तर ब्लूटूथ तुटतं. स्कॅन करायच्या जुन्या सेन्सरची आठवण फक्त ८ तासांची असते. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर स्कॅन केलं नाही तर मधला आलेख कोराच राहतो.

रात्रीचा एक फसवा प्रकार ओळखायला शिका. ११० वर सरळ चाललेली रेघ काही मिनिटांत ५५ वर कोसळते, कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येते. दंडावर अंग टाकून झोपल्याने तारेभोवतीचा द्रव दाबला गेला, एवढंच. खरी कमी शुगर बहुधा उतारासारखी घसरत येते. तरीही शंका असेल तर बोट टोचा, आणि घाम, थरथर, गोंधळ असेल तर आधी साखर घ्या, मोजणं मागाहून.

शुगर ७० च्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटं थांबायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती त्यानंतर. रक्तातली शुगर ९० झालेली असते, सेन्सर मागे असल्याने अजून ६२ दाखवतो, माणूस पुन्हा खातो, आणि तासाभरात शुगर २५० वर. म्हणून उपचारानंतरचं रीडिंग बोटाचंच घ्या.

औषधांचंही ऐका. काही सेन्सरांत पॅरासिटामॉल, काहींत जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी, काहींत हायड्रॉक्सीयुरिया आकडा खोटाच वर नेतं. खोट्या २४० साठी इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं, तेव्हा पत्रकातली ही यादी आपल्या मॉडेलपुरती नक्की वाचा. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावाच लागतो असं बऱ्याच मॉडेलांच्या पत्रकात लिहिलेलं असतं.

डॉक्टरांना दाखवायचा अहवाल १४ दिवसांचा घ्या, त्यात निदान ७० टक्के वेळेची माहिती हवी. पहिलं पाहायचं ते ७० ते १८० च्या मधला वेळ: गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य ७० टक्क्यांहून जास्त. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. वृद्धांसाठी लक्ष्य सैल असतं, गरोदरपणात पट्टाच ६३ ते १४० चा. सरासरी १५४ आली तर अ‍ॅप अंदाजे ७ टक्के जीएमआय, म्हणजे सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा अंदाज, दाखवेल. तो लॅबच्या एचबीए१सीशी (साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तंतोतंत जुळायलाच हवा असं नाही. रक्तक्षय असेल तर फरक चांगलाच पडतो.

कातडी न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळाच्या किंवा अंगठीच्या नादी लागू नका. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

काढताना पट्टीच्या कडेला तेल लावा, पाच मिनिटं मुरू द्या आणि कातडीला समांतर ओढा. तार सोबत आली का ते पाहा. खाली लाल, खाजरे चट्टे दिसले तर चिकटद्रव्याची अ‍ॅलर्जी असू शकते. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. मुदतीआधी बंद पडलेला सेन्सर लगेच फेकू नका. सिरीयल नंबर आणि एरर कोड लिहून कंपनीला कळवा. बदलून मागायचा तर दोन्ही लागतात.