ज्वालामुखी ढासळण्याचा धोका जोखताना या चुका टाळा

उद्रेकाची चिन्हं नाहीत म्हणजे डोंगर भक्कम, ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत. निकाराग्वातल्या कासिता ज्वालामुखीचा उतार ३० ऑक्टोबर १९९८ रोजी ढासळला, तो मिच चक्रीवादळाच्या पावसाने. उद्रेक झालाच नव्हता. चिखलाच्या लोंढ्याखाली दोन हजारांहून जास्त माणसं गेली. तिथला खडक आधीच आतून कुजलेला होता. शिलारसातून सुटणारे सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइडसारखे वायू भूजलात विरघळले की आम्लं बनतात, आणि ती फेल्स्पार (खडकातलं एक खनिज) व ज्वालामुखी काचेची हळूहळू चिकणमाती करून टाकतात.

मात्र आम्लाने असा बदललेला प्रत्येक खडक ठिसूळच असतो, असंही धरू नका. सिलिका किंवा ॲल्युनाइटसारखं खनिज खडकाच्या छिद्रांत साचलं तर खडक उलट कडक होतो. गोम पुढेच आहे: छिद्रं बुजली की पाणी आणि वाफ कोंडते, आतला दाब वाढतो आणि उताराला धरून ठेवणारं घर्षण घटतं. त्यामुळे खडकाचा नमुना कितीही मजबूत निघाला, तरी त्याखालचं पाणी कुठून वाट काढतंय हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शिवाय मुठीएवढ्या नमुन्यात डोंगरातल्या मोठ्या भेगा येतच नाहीत.

पृष्ठभागावरचे कुजलेल्या खडकाचे पिवळे-पांढरे डाग बघून नकाशा रंगवणंही अपुरं. असा बराचसा खडक हिमनद्यांखाली किंवा नव्या लाव्हाखाली दडलेला असतो. अमेरिकेतल्या माउंट रेनियर ज्वालामुखीवर म्हणूनच हवेतून चुंबकीय आणि विद्युत सर्वेक्षण झालं. आम्लाने मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज नष्ट होतं, त्यामुळे कुजलेल्या खडकाचं चुंबकत्व कमी भरतं. ओल्या चिकणमातीतून वीजही सहज वाहते. पण पाण्याने भरलेला ताजा खडकही वीज वाहून नेतो! एकट्या विद्युत मापनावर विसंबलात तर फसाल; चुंबकीय नोंदी शेजारी ठेवा.

सगळं खापर कुजण्यावर फोडणं ही उलटी चूक. अमेरिकेतल्याच माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीची उत्तर बाजू १९८० मध्ये कोसळली, ती मुख्यतः आत घुसलेल्या शिलारसाने फुगवल्यामुळे.

आणि दरड पायथ्याशीच थांबेल, हे गृहीत धरू नका. चिकणमाती भरपूर असली की लोंढा दूर जातो. रेनियरचा सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीचा ऑसिओला लोंढा प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत पोचला होता. तिथल्याच, सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या लोंढ्यासोबत तर उद्रेकाचा पुरावाच सापडलेला नाही. म्हणून १९९८ मध्ये रेनियरवर बसवलेली यंत्रणा उद्रेकाची वाट बघत नाही; लोंढ्याने हादरणारी जमीन टिपून ती थेट इशारा देते.