ससा पाळायचाय? आधी लेंड्या मोजायला शिका

रोज उठल्यावर मी आधी लेंड्या बघते. माझ्या सशाच्या, म्हणजे भुरीच्या, शी-शूच्या ट्रेमध्ये रात्रभरात साधारण किती पडल्या, केवढ्या आहेत, चुरल्या तर आतून गवताचा भुगा निघतो की काहीतरी चिकट. घरचे हसतात, हसोत बापडे. 9 वर्षांत 3 ससे सांभाळले आणि त्यांच्या तब्येतीची खरी बातमी मला कायम ट्रेमधूनच कळली, चेहऱ्यावरून कधीच नाही.

कारण दुखण्याच्या बाबतीत ससा ताकास तूर लागू देत नाही. रानात तो सगळ्यांचं भक्ष्य. जो लंगडला, जो मागे राहिला, तो आधी उचलला जाणार. म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कुत्रं कण्हतं तरी. ससा कोपऱ्यात गप्प बसतो आणि आपण म्हणतो, किती गुणी आहे! माझंही तेच झालं. भुरी दीड वर्षाची असताना एका रात्री तिनं कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. म्हटलं, रुसली असेल. पहाटे बघते तर अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून बसलेली, दात करकरा वाजवतेय आणि ट्रे रिकामा. डॉक्टरांनी पोट चाचपत पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं कधी खाल्लं?" मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी मोजते.

सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. ते मंदावलं की आत वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. उलटी करून मोकळं होणं त्याला जमत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. तेव्हा 10-12 तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ती धावपळ करण्याची वेळ समजा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. लेंड्या एकदम बारीक होणं, वेड्यावाकड्या होणं, ही त्याच्या आधीची सूचना. केसांच्या दोऱ्यानं ओवलेल्या माळेसारख्या पडल्या तर समजायचं की अंगावरचे केस गळताहेत आणि चाटताना पोटात जाताहेत. त्या दिवसांत रोज ब्रश फिरवा आणि गवत वाढवा.

गवत, गवत आणि थोडं बाकीचं

चित्रांतल्या सशाच्या हातात गाजर असतं, त्यानं फार घोटाळा केलाय. गाजरात साखर पुष्कळ. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा तुकडा नको, तोही आठवड्यातून एक-दोनदाच. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या. भुरीला मी सुरुवातीला रोज अख्खं गाजर द्यायचे, वर लाडानं बिस्किटाचा तुकडा. पोट बिघडलं ते त्यामुळेच.

खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. रोजच्या खाण्यात 80 टक्क्यांहून जास्त वाटा त्याचा. सशाच्या अंगाएवढा ढीग रोज समोर हवा आणि तो कधी संपता कामा नये. हे नुसतं पोटासाठी नाही. सशाला 28 दात असतात आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला 2-3 मिलिमीटर. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि त्या रगडण्यानं दाढा झिजतात. पेलेट, म्हणजे विकत मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या, दोन चाव्यांत चुरा होऊन जातात, त्यांनी काहीच झिजत नाही. दाढांना टोकं आली की ती जिभेला, गालाला टोचतात. मग ससा खायला जवळ येतो, हुंगतो आणि परत फिरतो. हनुवटी ओली दिसली तर तोंड तपासून घ्या.

हिरवा पाला रोज मूठ-दोन मूठ, आलटून पालटून. नवी भाजी पहिल्या दिवशी एकच पान द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ट्रे बघायचा. पेलेट 2 किलोच्या सशाला दोन-तीन मोठे चमचे पुरे. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, पण सहा-सात महिन्यांनंतर तो बंद करा, त्यात कॅल्शियम फार. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अॅव्होकाडो, चॉकलेट, ब्रेड यातलं काहीही नको. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा. मान खाली घालून पिणं त्याच्या सवयीचं, आणि पितोही जास्त.

आता एक गोष्ट, जी पाहून पाहुणे तोंड फिरवतात. ससा स्वतःची विष्ठा खातो. लेंड्या नव्हेत, दुसरा एक मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारक्या घडासारखा प्रकार असतो, तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. एका खेपेत न पचलेल्या गवतावर आतले जिवाणू काम करतात आणि तयार झालेली जीवनसत्त्वं, प्रथिनं तो अशी परत पोटात घेतो. त्याला अडवू नका, रागावू नका. उलट ते घड जमिनीवर पडलेले, शेपटीला चिकटलेले दिसले तरच काळजी. एक तर खाणं जास्त गोड आणि भारी होतंय, नाहीतर लठ्ठपणामुळे किंवा पाठ दुखत असल्यामुळे तोंड तिथवर पोचत नाहीये.

लघवी पिवळी, नारिंगी, कधी विटकरी लाल. भुरीची पहिल्यांदा लाल दिसली तेव्हा मी रडले होते. पाल्यातल्या रंगद्रव्यांनी तसं होतं. थोडी दुधाळ असणंही नेहमीचं. पण खळ लावल्यासारखी घट्ट येत असेल, कुंथावं लागत असेल किंवा खरंच रक्ताचे धागे दिसत असतील, तर डॉक्टर गाठा.

तो काय बोलतोय

माझ्या भाच्यानं कौतुकानं भुरीच्या नाकासमोर बोट धरलं आणि चावा खाल्ला. तिची काही चूक नव्हती. सशाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. मागचंही दिसतं, वरचंही दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. तिथे अचानक काही हललं की दात लागणारच. हात बाजूनं न्या, कपाळावर ठेवा आणि डोळ्यांच्या वरून कानांमागे फिरवा. आवडलं तर डोकं जमिनीला टेकवून पडून राहील, दात हलकेच कुरकुरतील. हे सुखाचे दात. मघाशी सांगितले ते दुखण्याचे, जोरात करकरणारे. एकदा दोन्ही ऐकलेत की गल्लत होत नाही.

मागचा पाय धाडकन आपटला की धोक्याची सूचना. घरात कुकर वाजला तरी आपटेल, सवय होईपर्यंत. हनुवटी टेबलाच्या पायाला घासतोय म्हणजे 'हे माझं' असं लिहून ठेवतोय. तिथे त्याच्या गंधाच्या ग्रंथी असतात. धावता धावता हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला की निव्वळ आनंद. आणि एकाएकी कुशीवर कोसळला तर घाबरू नका, निवांत झोपलाय. मी पहिल्या वेळी मेलाच समजून हलवून उठवलं होतं. त्यानं दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसून त्याचा वचपा काढला.

उचलणं बहुतेक सशांना आवडत नाही. जमिनीवरून वर जाणं म्हणजे त्यांच्या लेखी घारीनं नेणं. कान धरून तर कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. मागचे पाय लोंबकळले की तो जिवाच्या आकांतानं लाथ झाडतो आणि त्या झटक्यानं स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. उताणा धरल्यावर 'कसा शांत झाला' म्हणतात, ती शांती नाही. भीतीनं गोठलेला असतो. गंमत म्हणून ते करू नका. मी जमिनीवर आडवी होऊन पुस्तक वाचते. दहा मिनिटांत भुरी आपणहून पाठीवर चढते.

घर

जाळीच्या तळाचा पिंजरा घेऊ नका. सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस. जाळीवर टाचा सोलवटून निघतात. पिंजऱ्यापेक्षा मोठं कुंपण, खाली सतरंजी, लपायला दोन तोंडांचं खोकं. ट्रेच्या एका टोकाला गवत ठेवलं की शी-शूचं शिक्षण निम्मं आपोआप होतं, कारण त्याला खाता खाताच व्हायची सवय. ट्रेमध्ये कागदाचे गोळे घाला, पाणी लागताच गोळा होणारी मांजरांची माती नको. विजेच्या वायरी नळीत घाला, आज, आत्ता. त्याला त्या मुळ्या वाटतात.

आंघोळ नाही. ओला ससा गारठतो आणि घाबरून अर्धमेला होतो. उकाडा तर थंडीपेक्षा वाईट. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. पारा 28-30 अंशांच्या वर गेला की सावली, गार फरशी, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि कानांवर ओला हात.

डॉक्टर

ससा आणायच्या आधीच सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधा. ससा म्हणजे छोटं मांजर नव्हे. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरचं फिप्रोनिल सशाला विषासमान. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलीन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर नम्रपणे दुसरा डॉक्टर बघा.

मादीची नसबंदी करून घ्याच. वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. शिवाय गर्भ जेमतेम महिनाभराचा, आणि व्यायल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवा.

नीट सांभाळलेला ससा 8-10 वर्षं जगतो. लहान मुलाच्या हट्टापायी आणत असाल तर तेवढी वर्षं ट्रे कोण काढणार हे आधी ठरवा; मूल नाही काढणार. आणि दवाखान्यात जाताना टोपलीत त्याचं नेहमीचं गवत ठेवा, सोबत डबीत त्या दिवशीच्या लेंड्या न्या. चांगला डॉक्टर डबी आधी उघडतो.