भाजीतले कीटकनाशकांचे अवशेष तपासताय? या चुका टाळा

वाशीच्या भाजीपाला मार्केटात गाडी उतरत असताना वरच्या गोणीतून दोन मुठी भेंडी उचलली, तर पुढे कितीही महागडं यंत्र असो, अहवाल त्या दोन मुठींचाच येतो. एका ट्रकमध्ये अनेक शेतकऱ्यांचा माल असतो आणि प्रत्येकाची फवारणी वेगळी. म्हणून आधी लॉट, म्हणजे एकेका शेतकऱ्याचा माल, वेगळे करा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या पद्धतीनुसार ५० किलोंखालच्या लॉटमधून ३ ठिकाणी, ५०० किलोंपर्यंत ५ आणि त्यापुढे १० ठिकाणी माल घ्या, तळाच्या गोण्यांतूनही. एकत्र नमुना भेंडी-मिरचीचा किमान १ किलो, टोमॅटोचा १ किलो आणि निदान १० नग, कोबीचा २ किलो आणि निदान ५ नग.

नमुना धुऊ नका. कोबीची फक्त सडकी पानं काढा. वरची चांगली पानं सोलली की फवारा बसलेला भागच गेला. केळं सालासकट. आंब्याची कोय काढायची, पण हिशेब अख्ख्या फळाच्या वजनावर.

सगळ्यात जास्त फसवतं ते मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. भाजी मिक्सरमध्ये बारीक केली की पेशींतल्या रसाने ते तुटू लागतं, आणि एकाच वेळी अनेक औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या बहु-अवशेष चाचणीत ते पकडलंही जात नाही. त्याच्यासाठी नमुन्याचा एक भाग आधीच बाजूला काढा, मोठे तुकडे ठेवा आणि कार्बन डायसल्फाइडच्या रूपात वेगळा मोजा. उरलेला माल गोठवून, कोरड्या बर्फासोबत दळा. गरम झालेल्या भांड्यात डायक्लोरव्हॉससारखं उडणारं औषध निघून जातं.

मग औषधं अर्कात उतरवायची: १० ग्रॅम नमुन्यात १० मिलि अॅसिटोनायट्राइल हा द्रावक, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालताच नळी लगेच जोरात हलवा. थांबलात तर सल्फेटचा गोळा होतो, नळी तापते. पडताळणीसाठी नमुन्यात मुद्दाम मिसळलेल्या औषधाची परतप्राप्ती, म्हणजे त्यातलं किती परत मोजलं गेलं ते, ७० ते १२० टक्क्यांत हवी. सगळीच औषधं कमी येत असतील तर दोष बहुधा इथेच असतो. पालेभाजीत फक्त थायबेंडाझोल, क्लोरोथॅलोनिल अशी मोजकीच घसरली, तर हिरवा रंग काढायला वापरलेला कार्बन जास्त झाला का, ते बघा. आणि तुलनेसाठीची, माहीत प्रमाणाची प्रमाणित द्रावणं शुद्ध द्रावकात नव्हे, त्याच भाजीच्या अवशेषमुक्त अर्कात बनवा. नाहीतर आकडा फुगतो किंवा दबतो.

अहवालात नुसतं ‘आढळले नाही’ लिहू नका. कोणती औषधं शोधली आणि किती पातळीपर्यंत मोजता आली, तेही लिहा. भाजीसाठी ज्या औषधाची मर्यादा ठरलेली नाही, तिथे ०.०१ मिग्रॅ प्रति किलो लागू होते. तिथवर मोजताच येत नसेल, तर त्या भाजीला निर्दोष म्हणता येत नाही.