घरच्या घरी जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर दुरुस्त करताय? या चुका टाळा

नागपूरच्या महाल, इतवारी, धरमपेठ भागातल्या जुन्या घरांच्या आवारात, टिनाच्या शेडखाली झाकलेली एखादी पद्मिनी (म्हणजेच आपली फियाट) किंवा अ‍ॅम्बेसेडर अजूनही दिसते. टायर बसलेले असतात, बोनेटवर धुळीचा थर असतो आणि घरातलं कुणीतरी दर दिवाळीला म्हणत असतं, "यंदा हिला रस्त्यावर आणायचंच." काम सुरूही होतं. पण यातल्या कितीतरी गाड्या सुट्या होऊन पोत्यांत भरल्या जातात आणि शेवटी भंगारात जातात. माझ्या मते याचं मुख्य कारण पैसा नसून कामाचा चुकलेला क्रम आहे. आधी रंग, सीट कव्हर, क्रोमचे बंपर होतात. ब्रेक, रेडिएटर आणि सडलेला पत्रा मागे राहतो. मग चकाकणारी गाडी चार चौक जाऊन थांबते आणि उत्साह तिथेच संपतो. गाडी आधी थांबली पाहिजे, मग नीट चालली पाहिजे, मग तिचा पत्रा मजबूत झाला पाहिजे. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी.

पाना उचलण्याआधी आरसी बघा

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे टॉर्च लावून स्वतः बघा आणि त्याचे फोटो काढून ठेवा. डेंटिंग करताना चेसिस नंबरवरून ग्राइंडर फिरला किंवा त्यावर जाड रंग बसला, तर आरटीओत उत्तर देता देता नाकी नऊ येतात. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते राहून गेलं असेल तर आधी चौकशी करा, खर्च नंतर. रंग बदलणार असाल तर तीही नोंद आरसीवर करावी लागते.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि वैधता १० वर्षं. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. म्हणून जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी या नियमाचा विचार करा.

सगळं एकदम उघडू नका

एका वेळी एकच भाग घ्या: पुढचे ब्रेक, मग मागचे, मग रेडिएटर. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यावर नाव लिहा, उघडण्याआधी फोटो काढा. शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) आणि वॉशर कोणत्या बाजूला किती होते, हे नंतर आठवत नाही. नवा पार्ट बसून गाडी चालेपर्यंत जुना टाकू नका. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून जास्त वर्षं झाली, अ‍ॅम्बेसेडरचं २०१४ मध्ये थांबलं. हातातला जुना पार्ट निदान नमुना म्हणून लेथवाल्याला दाखवता येतो. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला बुश, पिन घडवून देणारे कारागीर सापडतात, पण नमुन्याशिवाय त्यांचाही इलाज चालत नाही.

पान्यांचंही लक्षात ठेवा. फियाट इटालियन वंशाची, तिला एमएमचे पाने लागतात. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिला इंची. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला 'जवळपास' बसतो आणि त्या जवळपासमध्येच नटाचे कोपरे गोल होतात. जाम नटावर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. वीट भार घेते घेते आणि एकदम फुटते. स्टँडच हवेत, आणि तेही पक्क्या फरशीवर.

बंद पडलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका

नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारणं ही सगळ्यात महागडी घाई. सिलिंडरच्या भिंतींवर गंज असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल घाला आणि दोन-तीन दिवस राहू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. या गाड्यांना हँडल मारता येतो, ही मोठी सोय आहे. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल घालून थांबा. सहज फिरलं की जुनं ऑइल काढा, नवं भरा, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाका. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. तशी गाडी हाती आली असेल तर इंजिनासोबत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही काढून बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे.

ब्रेकमध्ये काटकसर नको

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. व्हील सिलिंडरची रबरं वरून ठीक दिसली तरी बदला. ब्रेकच्या टाकीत कधी चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल घालू नका. रबरं फुगतात आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं आणि अर्धा उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही.

एकच चाक तापत असेल आणि ब्रेक सोडल्यावरही मोकळं होत नसेल, तर लोक सिलिंडरच बदलत बसतात. आधी रबरी नळी बघा. ती आतून फुगून बंद होते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा. आणि जुन्या ब्रेक शूची धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा, मास्क घाला.

"गरम झाली की बंद पडते"

नागपुरातल्या जुन्या गाडीवाल्यांची ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि चुकीचे इलाज याच तक्रारीवर सगळ्यात जास्त होतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बोनेटखाली काय होत असेल, त्याचा विचार करा. पण 'गरम होणं' आणि 'गरम झाल्यावर बंद पडणं' हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची गल्लत झाली की रेडिएटर, कॉइल, कार्ब्युरेटर सगळं बदलून होतं आणि गाडी वर्धा रोडवर पुन्हा उभी राहते.

काटा खरंच लाल पट्ट्यात जात असेल तर कधी जातो ते बघा. सिग्नलवर तापते आणि धावताना उतरते, तर हवा कमी पडते आहे: फॅन बेल्ट सैल आहे किंवा रेडिएटरच्या पाकळ्यांत कचरा अडकला आहे. उलट वेगात तापत असेल तर पाणी फिरत नाही: आतल्या नळ्या क्षारांनी बंद झाल्या आहेत किंवा खालचा होज ओढ लागून चपटा होतो आहे. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाडीत हेच निघतं. रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून तिथला गाळही काढा, आणि पुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंटच भरा. सगळीकडेच तापत असेल तर इग्निशन टायमिंग मागे पडलं आहे का, मिक्स्चर पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे का, हे बघा. गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं आहे.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने खरं कारण झाकलं जातं, आणि डिसेंबरच्या थंडीत इंजिन कधी पुरेसं तापतच नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो. इलेक्ट्रिक फॅन बसवण्याआधीही थांबा. डायनॅमो (जुन्या पद्धतीचं बॅटरी चार्ज करणारं यंत्र) असलेल्या गाडीत आयडलिंगला चार्जिंग जवळजवळ होत नाही; सिग्नलवर फॅन बॅटरीच खाईल.

आता दुसरा आजार. काटा ठीक आहे, तरी गाडी धक्के देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न करता सुरू होते. सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं छिद्र बुजलं आहे, खर्च शून्य. नसेल तर ठिणगी बघा. प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीत धरून इंजिनाच्या धातूजवळ न्या आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड, तर इग्निशन ठीक. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी कन्डेन्सर बदला. तो तापल्यावर दगा देतो आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) जळून काळे पडतात. मग कॉइल. हे सगळं गाडी बंद पडलेल्या जागीच तपासा. गार झालेल्या गाडीत सगळंच ठीक दिसतं.

ठिणगी ठीक आणि पेट्रोल येत नाही, म्हणजे बहुधा व्हेपर लॉक: पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होऊन ते अडतं. पेट्रोलमधले हलके घटक चाळिशीच्या आसपासच उकळू लागतात, आणि या गाड्यांचा पेट्रोल पंप गरम ब्लॉकवरच बसलेला असतो. पंपावर ओलं फडकं टाकून घरी पोहोचता येतं, पण तो कायमचा इलाज नाही. पंप आणि ब्लॉकमधला उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का बघा. तो बऱ्याचदा आधीच्या दुरुस्तीत हरवलेला असतो. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या. गरम गाडी लगेच सुरू होत नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका. पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, म्हणजे उतू गेलेलं पेट्रोल निघून जातं.

त्यात आता विकत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) त्याने मऊ पडून फाटतात. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या: ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, तर गाडी तिथेच बंद करा. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम लावा, आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल पाणी ओढतं.

पत्रा: पुट्टीखाली काय आहे?

विकत घेताना किंवा काम काढताना लोहचुंबक सोबत ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दाराखालची पट्टी, फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या मडगार्डमध्ये हेडलाइटच्या मागची जागा इथे सड हमखास असते. सडक्या पत्र्यावर पुट्टी किंवा डांबरी अंडरकोट मारणं म्हणजे आत ओल कोंडणं. पुढच्या पावसाळ्यानंतर फुगे येतातच.

या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही; फ्लोअर आणि दाराखालची पट्टी हाच सांगाडा आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम कापल्या तर बॉडी मधून वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. खालून आधार द्या, दारं बंद ठेवून मापं घ्या, एका वेळी एकच बाजू करा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि पेट्रोल टाकी दोन्ही काढा. 'टाकी रिकामी आहे' असं म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची असते.

वायरिंगचं थोडक्यात: सेल्फ मरगळला, लाइट मंद झाले की बॅटरीला दोष देण्याआधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थची वायर साफ करा. हॅलोजन लावायचे तर रिले आणि फ्यूजसहित.

रंग आणि पहिले ५०० किलोमीटर

मे महिन्यात थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात ओलीमुळे पांढरट झाक येते. नागपुरात ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस रंगाचे. हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग मात्र घरी मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांचं कायमचं नुकसान करू शकतं आणि साधा मास्क त्याला थोपवत नाही. घासणं, प्रायमरची तयारी घरी करा, शेवटचा हात बूथमध्ये मारून घ्या.

रिंगा, बेअरिंग नवी असतील तर पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका, चढावर इंजिनाची दमछाक होऊ देऊ नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, गार इंजिनावर हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा कसा, आणि मगच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा. हेड कसलं की टॅपेटची मापं बदलतात.