ट्रॅव्हल ट्रेलर हिवाळ्यात कुठे ठेवावा : बंद शेड, नुसते छप्पर की उघडे मैदान?

गणपती विसर्जन झाले की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, बाळगणाऱ्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : परवडत असेल तर बंद शेडमध्ये ठेवा, नसेल तर मैदानात ठेवून वर ताडपत्री टाका. हा सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती शेड आतून कधी नीट पाहिलेली नसते, आणि ताडपत्रीने वर्षभरात काय केले तेही पाहिलेले नसते. अनेक हिवाळे ट्रेलर सांभाळल्यावर माझे मत पक्के झाले आहे की ट्रेलरला भिंतींपेक्षा छपराची गरज जास्त असते आणि छपरापेक्षाही कोरड्या हवेची. ओल धरणाऱ्या बंद शेडपेक्षा वारा खेळणारे उघडे मैदान बरे. पुढची सगळी निवड या एका कसोटीवर करावी. नळ्या रिकाम्या करून गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) भरणे, टाक्या धुणे, फ्रिजचे दार उघडे ठेवणे ही कामे प्रत्येक जण करतोच असे मी गृहीत धरले आहे. शेडला हीटर असला तरी ती करावीतच, कारण वीज जाते.

१. घराच्या दारातला पर्याय आधी निकालात काढावा

वसाहतीच्या मालक-संघाची नियमावली काढून वाचावी. बहुतेक नव्या वसाहतींत ट्रेलर ड्राइव्हवेवर एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू देत नाहीत, आणि घरच्या गॅरेजचे दार ७ किंवा ८ फूट उंच असल्यामुळे तो आत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

२. आपल्या भागात नुकसान कशाने होते ते ठरवावे

ॲरिझोनात ट्रेलरचा शत्रू ऊन आहे. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कोलोरॅडोच्या पूर्व भागात त्यात गारांची भर पडते, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर दमटपणा आणि वादळे आहेत, तर सिएटलच्या बाजूला महिनोन्‌महिने थांबून थांबून पडणारा पाऊस आणि शेवाळ. आमच्याकडे, म्हणजे मिशिगन आणि उत्तर इंडियानाच्या पट्ट्यात, खरा त्रास कडाक्याच्या थंडीचा नसून गोठणे आणि वितळणे यांच्या ये-जा करण्याचा आहे. छतावर व्हेंट (हवेची झडप), एसी आणि अँटेना यांच्या कडेने लावलेल्या सीलंटला, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाला, उन्हाने केसाएवढी भेग पडलेली असते. दुपारी बर्फ वितळून पाणी त्या भेगेत शिरते, रात्री गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि भेग रुंद करते. एका हिवाळ्यात हे किती वेळा घडते याचा हिशेब न केलेलाच बरा. पाणी आत झिरपल्यावर लाकडी सांगाडा कुजतो, बाहेरची फायबरग्लासची कातडी फुगून सुटू लागते, आणि ती दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीच्या मानाने इतकी महाग पडते की पुष्कळ लोक करतच नाहीत.

म्हणून जागा शोधायला निघण्याआधी छतावर चढून, किंवा छत वजन पेलणारे नसेल तर शिडीवर उभे राहून, सीलंटच्या प्रत्येक रेघेवरून बोट फिरवावे. नखाला अडकणारी भेग दिसली की ती त्याच आठवड्यात भरावी, कारण ५० अंश फॅरनहाइटच्या खाली बहुतेक सीलंट नीट धरत नाहीत. सीलंट छताच्या पदार्थाला चालणारेच घ्यावे. ईपीडीएम आणि टीपीओ ही दोन्ही छते सगळेजण सर्रास 'रबर' म्हणून ओळखतात, पण एकाला चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही.

३. ट्रेलर स्वतः मोजावा

विक्रीच्या कागदावरच्या आकड्यावर किंवा मॉडेलच्या नावातल्या अंकावर विसंबू नये. त्या अंकात पुढचा त्रिकोणी दांडा बहुधा धरलेला नसतो, आणि तो ३ ते ४ फुटांचा असतो. मागे शिडी किंवा सायकलींचा रॅक असेल तर तीही लांबी धरावी. उंची एसीच्या टोपीपर्यंत मोजावी. ती साधारण १० ते ११ फूट, कधी त्याहून थोडी जास्त भरते. रुंदी कायद्याने ८.५ फुटांपर्यंत असू शकते आणि बाजूला गुंडाळलेल्या कापडी चांदणीची (ऑनिंगची) नळी त्यातून बाहेर डोकावते. दार १२ फूट रुंद आणि १४ फूट उंच असले तर निश्चिंत राहावे. दारापुढची वाट मात्र दारापेक्षा महत्त्वाची असते. ३० फुटांचा ट्रेलर आणि त्यापुढे पिकअप अशी जोडी २५ फुटांच्या गल्लीत काटकोनात वळत नाही, मालक काहीही म्हणो.

४. बंद शेड पारखावी

हा टप्पा मला सर्वांत जड गेला, कारण शेड दाखवणारा माणूस ती नेहमी कोरड्या, उन्हाच्या दिवशी, दारे सताड उघडी टाकून दाखवतो आणि त्या वेळी कोणतीही शेड चांगलीच दिसते. ओल दिसते ती थंडीच्या लांब पट्ट्यानंतर एकाएकी हवा उबदार होते त्या सकाळी. आठवडे गोठलेली फरशी आणि ट्रेलरची लोखंडी चौकट अजून थंडगार असते, बाहेरची दमट हवा फटींतून आत येते, आणि त्या थंड लोखंडावर, ब्रेकच्या ड्रमवर, विजेच्या जोडण्यांवर पाण्याचे थेंब धरतात. मैदानात हेच पाणी दुपारपर्यंत वारा आणि ऊन वाळवून टाकतात. शेडमध्ये ते दिवसेंदिवस राहते. पावसाळाभर बंद राहिलेले कोकणातले घर गणपतीला उघडल्यावर जो कुबट वास येतो, तोच वास अशा शेडमधल्या ट्रेलरच्या गाद्यांना एप्रिलमध्ये येतो.

मार्च-एप्रिलमध्ये जाऊन पाहणे जमणार नसेल, आणि जागा शरद ऋतूतच ठरवायची असल्याने बहुधा जमत नाहीच, तर त्या ओलीच्या खुणा वाचायला शिकावे. प्रथम जमीन पाहावी. मातीची किंवा नुसत्या खडीची जमीन असेल तर जमिनीतली वाफ हिवाळाभर ट्रेलरच्या पोटाखाली चढत राहते, आणि अशी शेड मी स्वस्तातही घेणार नाही. काँक्रीट असेल तर त्याखाली प्लास्टिकचा थर घातला आहे का, हे विचारावे. मालकाला माहीत नसेल तर त्याची परवानगी घेऊन हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने काँक्रीटवर चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावा. खाली काळपट ओला चौकोन उमटला असेल किंवा प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील, तर विषय तिथेच संपला.

मग फरशीवरची धूळ न्याहाळावी. पत्र्याच्या छताला आतून इन्सुलेशन नसेल तर वाफ पत्र्याला धरून आडव्या कैच्यांवरून टपकते, आणि धुळीत त्या कैच्यांच्या बरोबर खाली छोट्या खळग्यांची सरळ रांग दिसते. ती रांग एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. त्यानंतर तिथे आधीपासून उभ्या असलेल्या गाड्यांकडे वळावे : हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या लोखंडी भागावर, ताजा, केशरी, बोटाला लागणारा गंज आहे का, टायरच्या बाजूवर पांढुरकी बुरशी आहे का, भिंतीचे पत्रे जमिनीला टेकतात तिथे खालून वर गंज चढत आहे का. शेवटी छताच्या कण्याला वाट ठेवली आहे का, हे पाहावे. वरून हवा बाहेर जायला मार्ग नसलेली शेड, तिची काँक्रीट कितीही चांगली असो, कोंदटच राहते.

'आमची शेड गरम ठेवलेली असते' असे सांगितले की लोकांचे प्रश्न संपतात, आणि खरे तर तिथे ते सुरू व्हायला हवेत. धुराडे नसलेल्या गॅसच्या हीटरने तापवलेल्या शेडमध्ये जळणाऱ्या गॅसची वाफ आतच राहते, म्हणजे ऊब आणि ओल दोन्हीचे पैसे मोजावे लागतात. बाहेर धुराडे असलेला हीटर असेल, किंवा जमिनीतून उष्णता दिली जात असेल, तर ती जागा उत्तम. भाडेही तसेच असते.

आमच्या भागात आणखी एक स्वस्त प्रकार आहे आणि त्याची फार तारीफ होते. जिल्ह्याच्या जत्रेची मैदाने हिवाळ्यात आपली गोठ्यांची आणि प्रदर्शनाची दालने ट्रेलर आणि बोटी ठेवायला भाड्याने देतात. बऱ्याच ठिकाणी फुटामागे दर लावून ऑक्टोबर ते एप्रिल असा एकरकमी हंगामाचा हिशेब असतो. यातल्या काँक्रीटच्या प्रदर्शन-दालनात जागा मिळाली तर जरूर घ्यावी. पण उन्हाळ्यात जिथे गाई-शेळ्या बांधलेल्या असतात त्या मातीच्या गोठ्यात सांडलेले दाणे आणि पेंढा उरतो, आणि उंदरांना आमंत्रण द्यायची वेगळी गरज राहत नाही. शिवाय गाड्या एकमेकींना खेटून लावतात, त्यामुळे एकदा आत गेलेला ट्रेलर ठरलेल्या तारखेपर्यंत बाहेर काढता येत नाही की त्यात डोकावताही येत नाही. अशा ठिकाणी ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या बादल्या आत ठेवू नयेत. त्या पाण्याने भरतात, रिकाम्या करायला कोणी नसते, आणि खारट पाणी गालिच्यावर सांडले तर काढता काढत नाही. त्याऐवजी छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवावा आणि गाद्या उभ्या कराव्यात.

५. नुसत्या छपराची जागा मिळत असेल तर ती आधी पाहावी

वर पत्रा आणि बाजू उघड्या, अशी जागा बहुतेक ट्रेलरांसाठी सर्वांत योग्य असते, असे माझे ठाम मत आहे. छतावर ऊन, गारा आणि बर्फ पडत नाही, आणि वारा सगळे वाळवत राहतो. आमच्याकडे थंडीचे वारे बहुतांशी पश्चिम आणि वायव्येकडून येतात, म्हणून त्या बाजूला भिंत किंवा दाट झाडी असलेली रांग मागून घ्यावी. नाहीतर बर्फ आडवा आत उडून येतो आणि कडेला ढीग होतो.

उघड्या मैदानात ठेवायचे ठरले तर खडीची, पाणी न साचणारी जागा घ्यावी. गवतावर ट्रेलर उभा करू नये. एक टोक किंचित खाली ठेवावे, म्हणजे छतावर पाणी थांबत नाही. टायरखाली फळ्या द्याव्यात आणि टायरवर टोप्या चढवाव्यात, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि वयाने मरतात. बाजूवर छापलेल्या शेवटच्या ४ अंकांतून आठवडा आणि वर्ष कळते, आणि ६-७ वर्षांपुढचे टायर मी रस्त्यावर नेत नाही. आच्छादन घालायचेच असेल तर श्वास घेणाऱ्या कापडाचे, मापाचे आणि पट्ट्यांनी घट्ट बांधता येणारे घ्यावे. निळी प्लास्टिकची ताडपत्री खाली ओल कोंडते, आणि वाऱ्यात फडफडून कोपऱ्यांचा रंग आणि सीलंट दोन्ही खरवडून काढते. तिच्यापेक्षा काहीच न घातलेले चांगले.

६. बॅटरी, गॅस, उंदीर

शिशाची बॅटरी पूर्ण भारलेली असेल तर मिशिगनच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी २० अंश फॅरनहाइटच्या आसपास गोठून तडकू शकते, आणि गॅस-सूचक यंत्र ती गुपचूप उतरवत राहते. मैदानात छतावरचे सौर पॅनेल तिला भारलेली ठेवते. शेडमध्ये आणि छपराखाली त्याचा उपयोग नाही, म्हणून तिथे तार काढावी किंवा बॅटरी घरी न्यावी. लिथियम बॅटरी ३२ अंशांखाली चार्ज होऊ देऊ नये.

प्रोपेनच्या टाक्या बऱ्याच बंद शेडमध्ये चालत नाहीत. त्या काढून घराबाहेर, उभ्या ठेवाव्यात. तळघरात मुळीच नाही. उंदरांसाठी पोटाखालची प्रत्येक नळीची फट स्टील वूलने बुजवावी.

७. पैसे आणि करार

समजा मैदान महिना ७० डॉलर, छपराची जागा १३० आणि चांगली बंद शेड २२० डॉलरला मिळते. सहा महिन्यांत मैदान आणि शेड यांत ९०० डॉलरचा फरक पडतो. नव्या, फायबरग्लासच्या बाजूंच्या ट्रेलरसाठी हा खर्च समजण्यासारखा आहे. सहा-सात हजार डॉलरच्या जुन्या ट्रेलरसाठी मात्र त्या पैशांतून दर वर्षी छताचे सीलंट नीट करून घ्यावे आणि ट्रेलर खुशाल खडीवर ठेवावा. तीस-चाळीस डॉलरला दोन सुया असलेला ओल मोजायचा मीटर मिळतो. ठेवण्याआधी आणि काढल्यावर कपाटांच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली मोजून आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीची जागा अंदाजाने ठरवावी लागत नाही.

करारात तीन कलमे शोधावीत : भाडे थकले तर किती दिवसांनी मालक ट्रेलर लिलावात काढू शकतो, आत यायची वेळ आणि परवानगी काय आहे, आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची. तिसऱ्याचे उत्तर जवळपास नेहमी 'तुमची' असेच असते. म्हणून हिवाळ्यासाठी विमा कमी करताना चोरी, आग, गारा आणि झाड पडणे यांचे संरक्षण काढू नये; अपघाताचा भाग तेवढा थांबवावा, आणि ट्रेलर कर्जावर असेल तर तेही बँकेला विचारूनच. ट्रेलरला इंजिन नसल्याने तो चोरायला फक्त दुसरी गाडी लागते. हिचचे कुलूप आणि चाकाचे कुलूप दोन्ही लावावीत, मग तो कुंपणाच्या आत असो की शेडमध्ये.