बेल्ट आधी, बॅग नंतर : गाडीतली एअरबॅग आणि सीट बेल्ट कसे तपासावेत, कसे वापरावेत

गेल्या गळीत हंगामात माझे दाजी रात्री कागलहून कोल्हापूरला येत होते. हायवेवर पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. तिला चुकवताना गाडी डिव्हायडरच्या तोंडावर गेली. दुसऱ्या दिवशी गाडीतलं सामान काढायला मी गेलो, तेव्हा स्टिअरिंगमधून रिकामी पिशवी लोंबत होती, सीटवर पांढरी पूड सांडली होती आणि ड्रायव्हरचा बेल्ट अर्धा बाहेर येऊन तिथंच अडकला होता. ओढला तरी येईना, सोडला तरी आत जाईना. घरी दाजींच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत बेल्टच्या रुंदीचा काळानिळा वळ उठला होता. बाकी माणूस धडधाकट.

भाचीनं विचारलं, "मामा, फुगा तर लगेच रिकामा झाला. मग पप्पांना धरून ठेवलं कुणी?"

धरून ठेवलं बेल्टनं. आणि फुगा रिकामा झाला म्हणूनच त्याचा उपयोग झाला. हे कसं घडतं ते एकदा कळलं, की पुढं सांगितलेल्या तपासण्या का करायच्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या क्षणात काय होतं

ताशी ५० किलोमीटर वेगानं गाडी आदळली की गाडी थांबते, आपण थांबत नाही. शरीर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर या वेगानं पुढं जातच राहतं. तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर आपटताना साधारण याच वेगात असते.

बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मधोमध, तळाशी, एक छोटा डबा असतो. तो एअरबॅगचा कंट्रोल युनिट. वेग किती झपाट्यानं उतरतोय हे तो सतत मोजत असतो. टक्कर मोठी आहे की नुसता खड्डा, हे तो साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत ठरवतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायला असे शंभराहून जास्त लागतात.

निर्णय झाला की आधी काम सुरू होतं बेल्टचं. दाराच्या मधल्या खांबात, खालच्या अंगाला, बेल्टची गुंडाळी असते. तिला लागून असलेल्या नळीत चिमूटभर ज्वलनशील रसायन भरलेलं असतं. ते पेटलं की गॅसच्या दाबानं पिस्टन किंवा स्टीलच्या गोळ्या पुढं ढकलल्या जातात, गुंडाळी उलटी फिरते आणि १० ते १५ सेंटिमीटर बेल्ट झटक्यात आत ओढला जातो. हाच प्रीटेन्शनर. काही गाड्यांत तो बक्कलच्या बाजूला असतो. उसाची मोळी सैल बांधली तर चालताना डोक्यावर हिंदकळते, आवळून बांधली तर अंगाशी एक होऊन राहते. प्रीटेन्शनर आपल्याला सीटशी तसं आवळतो.

पण आवळलेला बेल्ट तसाच ताठ राहिला तर बरगड्या मोडतील. म्हणून गुंडाळीच्या पोटात एक धातूची दांडी असते. छातीवरचा जोर ठरावीक मर्यादेपुढं गेला की ती दांडी पिळत जाते आणि बेल्ट थोडा थोडा सैल सुटतो. दाजींच्या अंगावर वळ उठला आणि बरगडी शाबूत राहिली, ती या पिळाच्या दांडीमुळं, असं मी मानतो.

एवढ्यात बॅग फुगत असते. टक्कर झाल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आसपास ती पूर्ण फुगलेली असते. पूर्वी गॅस तयार करायला सोडियम अझाइड वापरत, आता बहुतेक दुसरी रसायनं असतात. नायलॉनच्या या पिशवीला मागच्या बाजूनं भोकं ठेवलेली असतात. डोकं टेकलं की त्यातून गॅस निघून जातो आणि डोकं हळू होत थांबतं. भोकं नसती तर घट्ट फुग्यावर आपटून मान मागं फेकली गेली असती. पांढरी पूड असते ती टाल्क किंवा मक्याच्या पिठाची. घडी चिकटू नये म्हणून घातलेली.

आता बेल्ट न लावलेल्या माणसाचा विचार करा. ब्रेक दाबल्याबरोबर तो पुढं सरकतो आणि बॅग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं बाहेर येते, तेव्हा त्याचं तोंड तिच्या अगदी जवळ पोहोचलेलं असतं. स्टिअरिंगवर 'एसआरएस' ही अक्षरं कोरलेली असतात. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थच पूरक. पूरक कशाला? बेल्टला.

चावी फिरवा, मीटरकडं बघा

इंजिन चालू न करता चावी ऑन करा. बसलेला माणूस आणि पुढं फुगा, असं लाल चित्र मीटरमध्ये पेटतं आणि काही सेकंदांत विझतं. विझलं तर ठीक. पेटून राहिलं किंवा लुकलुकत असेल तर यंत्रणेत दोष आहे आणि टक्करीत बॅग आणि प्रीटेन्शनर चालतीलच याची खात्री नाही. हॉर्न बंद पडला आणि हा दिवाही लागला, असं एकदमच झालं तर बहुधा स्टिअरिंगखालची गुंडाळलेल्या वायरची फीत तुटलेली असते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोष तपासून घ्या.

सगळ्यात वाईट म्हणजे दिवा मुळीच न पेटणं. उघडलेल्या बॅगा न बदलता विकलेल्या गाड्यांत तो मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो.

बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

वर्षातून एकदा पाचही बेल्ट पूर्ण बाहेर काढा. कडेनं बोट फिरवा. दोरे सुटलेत का, दारात सापडून कुरतडलाय का, जळका डाग आहे का? मग हळू ओढा, यायला हवा. झटका द्या, जागीच अडकायला हवा. सोडा, आपणहून पूर्ण आत जायला हवा. अर्ध्यात लोंबत राहत असेल तर आत मळ बसलाय किंवा स्प्रिंग गेलीय. बक्कल लावल्यावर 'टक' आवाज यायलाच हवा.

अलार्म वाजू नये म्हणून बक्कलमध्ये खोचायची खोटी क्लिप मिळते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ती हटवायला लावली. तुमच्या गाडीत असेल तर आजच काढा.

बसायचं कसं

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि सुधारायला एक पैसा लागत नाही.

कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली जांघेच्या वर कमरेच्या हाडांवर हवा. हाड जोर सोसतं, आतडी सोसत नाहीत. गरोदर बाईनं तो पोटाच्या खालून घ्यावा आणि वरचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. खांद्यावरचा पट्टा मानेला घासत असेल तर खांबावरचं बटण दाबून त्याची उंची बदला. काखेखालून कधीच घेऊ नका. साडीचा पदर बेल्टच्या आत दुमडून जाड थर होत असेल तर पदर बाजूला घेऊन मग बक्कल लावा. सीट फार मागं झोपवली की माणूस बेल्टच्या खालून सरकतो. गगनबावड्याच्या घाटात शेजारचा माणूस सीट लांब करून झोपतो, त्याला उठवून सरळ बसवा.

छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन-तीन बोटं अंतर ठेवा. हात पावणेतीनच्या काट्यांसारखे. एक हात स्टिअरिंगवर आडवा टाकून चालवायची सवय असेल तर बॅग तोच हात तोंडावर फेकते.

मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट हवाच, कायद्यानंही आणि पुढच्या माणसाच्या जिवासाठीही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे दंड १००० रुपये आहे. पण मागचा ६० किलोचा माणूस टक्करीत पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळतो, हे मला दंडापेक्षा मोठं वाटतं. मांडीवरच्या बाळाचंही तेच. १० किलोचं बाळ मोठ्या टक्करीत काही क्षण ३०० किलोच्या जोरानं हातातून सुटू बघतं. कुठल्याही आईच्या हातांना ते धरवणार नाही. बाळ मागं, चाइल्ड सीटमध्ये. मागं तोंड करून बसवायची चाइल्ड सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नका.

बॅगेच्या वाटेत काही नको

डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं. त्यावर चिकटवलेली ज्योतिबाची किंवा अंबाबाईची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड हे सगळं बॅग उघडताच दगडासारखं उडतं. देव बरोबर असावा ही भावना माझीही आहे. मी लहानशी तसबीर मीटरच्या बाजूला सपाट चिकटवली. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल शिवलेलं असेल तर साधं कव्हर घालू नका. बॅग त्या शिवणीतून फाडून बाहेर येते, जाड रेक्झिन तिला अडवतं.

"बॅग उघडलीच नाही!"

शेजारच्या काकांची गाडी कावळा नाक्याला उभी असताना मागून ठोकली गेली. बॅग उघडली नाही म्हणून ते आजही चिडलेत. पण मागून धक्का बसला की शरीर सीटकडं दाबलं जातं. पुढची बॅग तिथं उघडून उपयोग नाही. खरी धोक्याची गोष्ट वेगळी आहे. उंच ट्रॉलीच्या मागं गाडी घुसली तर बंपर खालून निघून जातो आणि आधी काच आदळते. सेन्सरला धक्का उशिरा कळतो. म्हणून हंगामात रात्री हायवेवर अंतर ठेवा, बॅगेच्या भरवशावर राहू नका.

जुनी गाडी घेताना, विशेषतः इथं

ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधीच्या गाडीत ती आहेच असं धरू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते आपण पाहिलंय. कंट्रोल युनिट तळाशीच असतो, त्यामुळं सीटपर्यंत पाणी आलं की आधी तो भिजतो. गाडी धुऊन, पॉलिश करून चकचकीत होते. आतल्या पिना गंजत राहतात. पुढची सीट मागं सरकवा, टॉर्च घेऊन खाली बघा. पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर म्हणजे एअरबॅग आणि प्रीटेन्शनरचे. त्यांच्यावर हिरवट गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर गाडी सोडून द्या. कनेक्टर मात्र ओढून बघू नका. नंतर बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर ती पुराच्या पाण्याची असू शकते.

टक्कर झाल्यावर

धूर आणि पूड बघून गाडी पेटली असं वाटतं. बहुधा ती बॅगेचीच असते, तरी गाडी बंद करून बाहेर या आणि ११२ ला फोन करा. बॅगेमागचे धातूचे भाग तापलेले असतात, हात लावू नका. न उघडलेल्या बॅगेशी कुणालाही खेळू देऊ नका. बॅटरीची वायर काढली तरी यंत्रणेत काही वेळ वीज साठलेली असते.

दाजींच्या गाडीच्या वेळी एका गॅरेजमध्ये सांगितलं, "बेल्ट चांगलाय की, आतलं मोकळं करून देतो. बॅग भंगारातली बसवू." मी नको म्हणालो. प्रीटेन्शनर एकदाच पेटतो. मोकळा केलेला बेल्ट पुढच्या वेळी आवळणार नाही. दोन्ही बॅगा, दोन्ही बेल्टचे पूर्ण संच आणि कंट्रोल युनिट यांची बिलात वेगवेगळी ओळ मागा. गाडी हातात आली की पहिल्यांदा चावी ऑन करून तो लाल दिवा पेटतो आणि विझतो का, ते तिथंच उभं राहून बघा.